खळ्यावरची सवत

खळं सारवायला घेतलं की माझ्या पोटात अजून जळतं. कापणी तोंडावर आली की शेताच्या कडेची ती गोल जागा पाणी मारून चोपायची, खडे वेचायचे, मग शेणाचा घट्ट काला करून सारवायची. उन्हात वाळली की अशी गुळगुळीत होते की तिच्यावर जेवायला वाढावं. तिथे मग वहाणा घालून कोणी पाय ठेवत नाही, कारण उद्या तिथे भात पडायचं असतं. यंदाही सारवलं. यंदा बसून, एक पाय लांब ठेवून सारवलं, पण ती हकीकत पुढे येईल. काम झाल्यावर हात धुतले आणि कडेवरून खळ्याच्या मधोमध बघत उभी राहिले. तिथे माझी सवत बसायची. तिला दाढी होती.

यांनी दुसरं लग्न केलं असं कोणी समजू नये. (हे म्हणजे आमच्या घरचे. तोंडाने कधी नाव घेतलं नाही, तर लिहून तरी कशाला घेऊ?) सवत हे नाव ठेवलं सोमीने. सोमी ठाकरवाडीतली, दरवर्षी आमच्याकडे कापणीला येणारी, माझ्याच वयाची आणि माझ्यापेक्षा तिखट. त्या वर्षी एका पहाटे भाताच्या भाऱ्याआड उभी राहून ती मला म्हणाली, "बाय, तुझी सवत बसली बग आसनावर. आता उन्हं वर येईस्तोवर तुझा घरवाला तुझा नाय." मी हसले. हसताना छातीत काहीतरी टोचलं ते तिला दिसलं असणार, कारण नंतर दिवसभर ती माझ्याशी फार गोड बोलत होती.

महायुद्ध संपलं होतं आणि त्यामागोमाग आलेल्या तापाच्या साथीने आमच्या घरातली मोठी माणसं एका पंधरवड्यात नेली होती. सासूबाई गेल्या, मामंजी गेले. घर एकदम एवढं मोकळं झालं की भांडं पडलं तर आवाज माजघरातून ओटीपर्यंत जायचा. हे रडले नाहीत. शेत, बैल, जेवण, झोप, एवढंच. मी नवीन होते, शाळामास्तरांची मुलगी, चार पुस्तकं वाचलेली. या माणसाला बोलतं करायचं माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं. मी वालाचं बिरडं करायची. मोड आलेले वाल एकेक सोलून, खोबरं वाटून. त्यावर हे म्हणायचे, "बरं झालंय." या दोन शब्दांवर मी आठवडा काढायची.

मग एका कार्तिकात हे कर्जतच्या बाजाराला मीठ आणि गूळ आणायला गेले आणि येताना बुवांना घेऊन आले. गूळ विसरले.

बुवा घाटावरचे. हिमालयात बरीच वर्षं काढली असं ते सांगत. थंडीत खालची हवा मानवते म्हणून उतरले होते. अंगाने ताठ, रंगाने उजळ, आवाज विहिरीतून आल्यासारखा. त्यांनी आमचं घर पाहिलं, परसदार पाहिलं, आणि खळ्यापाशी येऊन थांबले. योगाला जागा सपाट हवी, शेणाने सारवलेली हवी, किडामुंगी नसलेली हवी, असं ग्रंथात आहे म्हणाले. मी आदल्या दिवशीच सारवून ठेवलेलं. खडावा बाहेर काढून ते मधोमध जाऊन बसले. झालं. त्या दिवसापासून पहाटे खळं त्यांचं आणि ऊन आल्यावर भाताचं.

त्या सुगीच्या सकाळी मला अजून वासासकट आठवतात. पेंढ्याचा गोडसर वास, दवाने भिजलेल्या भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या, नदीवरून सरकत येणारं धुकं. लांब घाटाच्या पायथ्याशी गाडीला मागून इंजिन जोडायचे, त्याची शिटी यायची. आता घाटात विजेची गाडी आली, धूर गेला, तरी त्या शिटीची सवय कानांची गेलेली नाही. त्या शिटीबरोबर मी उठायची आणि दाराच्या फटीतून बघायची. गावातले पाचसात पुरुष लंगोट लावून ओळीने बसलेले, तोंडातून वाफा निघताहेत. खालापूरच्या बाजूचे एक मास्तरही असायचे, बुवांचं ऐकायला मुद्दाम येऊन राहिलेले. आणि पुढे हे. पाठ सरळ, डोळे मिटलेले. यांच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की मला दार लावून घ्यावंसं वाटे आणि लावता येत नसे. लग्नाच्या दिवशी नव्हतं ते. बिरड्याच्या वेळी तर नव्हतंच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जे माझ्याने इतक्या दिवसांत उघडलं नाही, ते या दाढीवाल्याने नुसतं 'श्वास घे' म्हणून उघडलं होतं.

हळूहळू घर बुवांचं होत गेलं. त्यांनी काही मागितलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. ते नुसतं सांगायचे आणि हे करायचे. अभ्यासाचे दिवस म्हणून यांचं अंथरूण ओटीवर गेलं. वाल वातूळ म्हणून बिरडं बंद झालं. पहिल्या दिवशी यांनी वाटी हाताने बाजूला सारली ना, तेव्हा मला कोणी तोंडावर मारलं असतं तरी चाललं असतं. बैलाला नाल मारायची तरी बुवांना विचारून. मी एकदा म्हटलं, "उद्या शिंकायचं झालं तर?" हे हसले नाहीत. पूर्वीही फारसे हसत नसत, पण पूर्वी ते आपल्या स्वभावाने हसत नसत. आता बुवांच्यासाठी हसत नव्हते.

एके दिवशी पाटीत भात भरताना हे म्हणाले, "खळं उठलं का मी बुवांसंगं जाणार हाय."

"किती दिवस?"

"ते ठेवतील तवर."

"आणि शेत?"

"खंडानं देऊ कुनाला तरी."

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. त्याचं उत्तर यांनी आपणहून दिलं, खाली बघत. "तुला माहेरी बरं वाटंल."

तेव्हापासून मला भात संपू नये असं वाटायला लागलं. झोडलेला पेंढा मी पुन्हा झोडायला लावायची, दाणे राहिलेत म्हणून. वारा पडला म्हणून उफणणी थांबवायची, वारा वाहत असताना. सोमी माझ्याकडे बघायची आणि तिच्या बायकांना म्हणायची, "दमानं गं, दमानं. बायला भात लय आवडतं." पण उडव्या उतरत होत्या. शेतात कापलेल्या भाताच्या ओलीवर वाल पेरून झाले होते, त्यांना दोन दोन पानं फुटली होती, आणि ती पानं बघून मला आनंद होत नव्हता.

संध्याकाळी बुवा ओटीवर सांगायला बसत. मी दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. एकदा विषय स्वाध्यायाचा निघाला. बुवा म्हणाले, स्वाध्याय म्हणजे गुरूच्या मुखातून घेतलेला पाठ जसाच्या तसा घोकणं. त्यात आपलं काही घालायचं नाही, काढायचं नाही. मी आतून विचारलं, "ज्याला पाठ कोणी दिलाच नाही त्याने काय करावं?" मग तो विहिरीतला आवाज म्हणाला, "बाई, ज्याला दिला नाही त्याला त्याचा अधिकार नाही." मला हसू आलं आणि रागही आला. ज्या खळ्यावर हा अधिकार बसलेला असायचा ते सारवायचा अधिकार कोणाचा होता, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते सगळे खळ्यावर बसले तशी मी माजघरात भाताच्या कणगीच्या मागे बसले. योगासाठी नाही. या सवतीने माझ्या नवऱ्याला काय खाऊ घातलंय ते चाखून बघायचं होतं. डोळे मिटले. श्वास आत घेतला. आणि समोर कोण, तर बुवा. पुन्हा घेतला, पुन्हा बुवा. रोज तेच. माझा मत्सर श्वासाच्या आधी उठून आसनावर बसलेला असायचा. पण रोज भेटणाऱ्या माणसाची जशी ओळख पटत जाते तशी मला त्याची पटायला लागली. तो बरगड्यांच्या खाली डाव्या बाजूला राहतो. तो आला की माझे दात आवळले जातात. आणि त्याच्याकडे नुसतं बघत राहिलं तर तो थोडा वेळ लाजल्यासारखा होतो, जात मात्र नाही. हा स्वाध्याय होता की नव्हता ते मला ठाऊक नाही. पाठ मला कोणी दिला नव्हता, म्हणून जो घरात होता तोच मी वाचत होते.

आता गुडघ्याची गोष्ट.

बुवा आसनावर बसत तेव्हा त्यांचा उजवा गुडघा जमिनीला टेकलेला असे आणि डावा वीतभर वर. त्यांच्यासमोर बसलेल्या साऱ्या ओळीचेही डावे गुडघे वीतभर वर असत. त्यासाठी मांडीला ताण देऊन धरावं लागे. मास्तरांचा पाय तर थरथरायचा, पण ते सोडत नसत. मला पहिल्यांदा वाटलं, असेल काही गूढ. मग एका दुपारी, हे शेतावर असताना, बुवांनी मला करंजाचं तेल, म्हणजे करंजेल, कोमट करून मागितलं आणि निर्गुडीचा पाला. मी वाटी घेऊन पडवीत गेले तर ते भिंतीला धरून उठत होते. डावा गुडघा नारळाएवढा सुजलेला. मी आलेली पाहून त्यांनी धोतर ओढून घेतलं. मी वाटी ठेवली आणि काही पाहिलं नाही अशी परत आले. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत मला समजलं होतं. तो पाय वाकतच नव्हता. आणि गावातले धडधाकट पुरुष रोज पहाटे त्या दुखण्याची नक्कल करत होते, भक्तिभावाने.

त्या दिवशी मला किती आनंद झाला ते सांगायला नको. सवतीचे केस खोटे निघावेत तसा. संध्याकाळी हे गोठ्यात एकटे सापडले. बैलांना पेंढा टाकत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "तुम्ही डावा गुडघा उचलून धरता ना, ते शास्त्र नाही. बुवांचा पाय दुखतो. वाकत नाही तो."

यांचा हात थांबला नाही. पेंढा नीट पसरून झाल्यावर म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी दिसलं की. उठताना खांब धरत्यात."

"मग तुम्ही कशाला उचलता?"

यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "येवढी मानसं समोर बसल्याली. त्येंना एकट्याला वाटू नये म्हनून."

मी घरात आले. चुलीपुढे बसले आणि फुंकणी हातात तशीच राहिली. यांना फसवलं जातंय असं मला वाटत होतं तोवर मी सवतीशी भांडू शकत होते. आता काय करणार? हा माणूस डोळे उघडे ठेवून, पाय ताठ धरून, दुसऱ्याच्या दुखण्याशेजारी बसत होता. अशी माया याच्यात आहे हे मला आजच कळत होतं, आणि ती दुसऱ्याच्या वाट्याला गेलेली असताना कळत होतं. माझं कधी काही दुखलं नव्हतं का? त्या तापात मीही चार दिवस पडून होते. तेव्हा कोणी माझ्याशेजारी आडवं झालं नव्हतं. मी त्या रात्री भाकरी करपवल्या आणि सगळ्यांनी त्या तशाच खाल्ल्या.

मग शेवटच्या उडवीवर आलो. त्या सुमारास मास्तरांनी सगळ्यांसमोर हात जोडून विचारलं, "बुवा, पुढे मला शाळेतल्या मुलांना शिकवायचंय. हा वाम गुडघा वर ठेवण्याचं प्रयोजन काय सांगू?" मी दारात सूप घेऊन उभी होते. यांनी मान वर केली. बुवांकडे असे बघत होते की जणू परीक्षेला यांनाच बसवलंय. बुवांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "माझे गुरू असे बसत. त्यांचे गुरू असे बसत. ही सिद्धांची बैठक आहे. प्रयोजन विचारायचं नसतं." मास्तरांनी मान डोलावली. हे खाली बघायला लागले आणि मग बराच वेळ खालीच बघत होते.

आमच्याकडे सगळं भात वारवून झालं की खळ्याच्या मधोमध रास घालतात आणि घरधनी नि घरधनीण शेजारी बसून ती पुजतात. त्याशिवाय एक दाणा घरात नेत नाहीत. पूजा झाली की खळं उठलं. मी हिरवं लुगडं नेसले. बुवांचं गाठोडं ओटीवर बांधून तयार होतं आणि शेजारी यांचंही. बुवा, मास्तर, बाकीचे सगळे कडेला उभे. हे आले आणि माझ्या शेजारी बसले. मी राशीकडे बघत नव्हते. यांच्या पायाकडे बघत होते. हे मांडी घालून बसले, सुगीभर जसे कधी बसले नव्हते तसे. दोन्ही गुडघे जमिनीला टेकले.

ते बुवांनीही पाहिलं.

निघताना त्यांनी मला हाक मारली. "बाई, ते करंजेल थोडं बांधून द्या. वाटेत दिव्याला लागेल." मी बाटली काठोकाठ भरून दिली. त्यांचा माझ्यावर राग होता की नाही, मला कळलं नाही. माझा मात्र त्या वेळी नव्हता, याचं मला अजून नवल वाटतं. मास्तरांनी बुवांचं गाठोडं उचललं आणि दोघं पळसदरीच्या वाटेने घाटाकडे निघाले. बांधावरून जाताना बुवा ताठ चालत होते. आंब्याची झाडी आली, आपण आता दिसत नाही असं त्यांना वाटलं असावं, आणि ते लंगडायला लागले. हे खळ्याच्या कडेला उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. यांचं गाठोडं ओटीवरच होतं.

"का नाही गेलात?" मी विचारलं. मला ऐकायचं होतं ते उत्तर मी कधीचं मनात घोकून ठेवलं होतं.

हे म्हणाले, "पाय दुखतो, येवढंच बुवा म्हनले असते तर गेलो असतो."

बघा आता. जायचं होतं तेही त्यांच्यासाठी आणि राहिले तेही त्यांच्यामुळेच. माझा त्यात कुठे संबंध नव्हता. अंथरूण ओटीवरून आत आलं, पुढच्या सुगीला मुलगी पदरात होती, बिरडं पुन्हा होऊ लागलं आणि "बरं झालंय" हेही. माझं सगळं परत मिळालं असं सोमी म्हणते. मिळालं. पण सवत हरून गेली नव्हती, नुसती निघून गेली होती. जी हरत नाही तिच्यावर जळणं कधी संपत नाही.

यांनी नंतर आसन मांडलं नाही. मी मात्र सोडलं नाही. कणगीमागून पडवीत आले, एवढाच फरक. कोणाला विचारलं नाही. श्वास कुठे अडतो, पाठ कुठे कुरकुरते, आज कोणाचा हेवा वाटतोय, हे बघत बसायचं. कधी पोथी वाचते, कधी तिच्याशी भांडते. गेल्या साली एका नातलगाकडे म्हणून खालापूरच्या बाजूला गेले होते. तिथे शाळेत समारंभ होता. मास्तर आता पिकल्या केसांचे झालेत. त्यांची मुलं पटांगणात ओळीने बसली होती, कोवळे डावे गुडघे वीतभर वर धरून. शेजारच्या बाई मला अभिमानाने सांगत होत्या की ही फार प्राचीन बैठक आहे. मी म्हटलं, "हो का?" करंजेलाचा वास आल्यासारखं झालं मला. आपण ज्याला जुनं म्हणून डोक्यावर घेतो त्यात कोणाकोणाचे गुडघे असतील, आणि 'दुखतं' एवढं म्हणायची लाज कोणाकोणाला वाटली असेल, हे त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. राग नाही येत. पण मुलांचे पाय थरथरत होते.

यंदा भात लावणीत मी बांधावरून घसरले. उजवा गुडघा गेला. हाडवैद्याने बांधला, लेप झाले, पण तो पुरता वाकत नाही. पडवीत बसते तेव्हा वीतभर वर राहतो. माझं मलाच हसू आलं. मी घरात सगळ्यांना सांगून टाकलं, माझा पाय दुखतो, यात सिद्धांचं काही नाही.

दिवाळीत मास्तरांकडून निरोप आला, बुवा गेले. हे ऐकून ओटीवर बसून राहिले. जेवले नाहीत. मी जेवले, आणि प्रत्येक घास मोजल्यासारखा गिळला. इतक्या वर्षांनी, मेलेल्या माणसावरसुद्धा मी जळत होते.

आणि परवा, खळं सारवून वाळल्यावरची ती पहिली सकाळ. धुकं होतं. मी पडवीत बसले होते, पाय जमेल तसा घेऊन. मागे पावलं वाजली. हे आले, माझ्या शेजारी घोंगडी टाकली आणि बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझे दात आवळले गेले. आले, म्हटलं, बुवांचं सुतक पाळायला आले. डोळे मिटायच्या आधी मी न राहवून यांच्या पायांकडे पाहिलं. एक गुडघा वर धरलेला होता, ताण देऊन, आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या त्या मांडीला कंप सुटला होता.

डावा जमिनीला टेकलेला होता. वर होता तो उजवा.

मग मी डोळे मिटले. त्या सकाळी बुवा दिसले नाहीत.